रविवारचे कुलूप

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही. ते न ऐकताच गेले. मुलीला सांगितली नाही. सकाळी देवापुढे बसते तेव्हाही तो एक रविवार गाळून पुढे जाते — परीक्षेत मुले अवघड प्रश्न गाळून पुढच्याला हात घालतात, तसेच. तुम्हाला का सांगते आहे? कदाचित एवढ्यासाठीच की तुम्ही सोनामावशीला पाहिलेले नाही.

पण आधी कुलूप. माझी सगळी नोकरी लोणावळ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. साहित्य, कृती, निरीक्षण आणि शेवटी अनुमान — हा क्रम हाताला बसला आहे. अनुमान आधी सांगितले की मुले निरीक्षण करतच नाहीत, उत्तराला जुळेल तेवढेच पाहतात. तुम्हीही तेच कराल. म्हणून क्रमाने.

लोणावळ्यात घर असणे म्हणजे काय, हे लोणावळ्याबाहेरच्या माणसाला कळत नाही. पावसाळा स्थिरावला की प्रत्येक रविवारी दारात चपलांचा ढीग. यांचे मुंबईचे मावसभाऊ, मावसभावांचे मेहुणे, मेहुण्यांच्या कचेरीतले मित्र. भिजून यायचे, ओले कपडे खुर्च्यांवर पसरायचे, न्हाणीघराबाहेर रांग लावायची आणि वर म्हणायचे, "वहिनी, काही विशेष करू नका हं. पिठलं, भाकरी आणि थोडी भजी. बस." भाकरी म्हणजे काही विशेष नव्हेच! एक दीर तर दरवेळी म्हणत, "तुमचं काय बरं आहे वहिनी, तुम्ही रोजच पिकनिकला." मी आठवडाभर वर्गात उभी असे. रविवारी शेगडीपाशी उभी राहत असे. सोमवारी पुन्हा वर्गात.

म्हणून कुलूप. ही युक्ती मी शोधलेली नाही. आमच्या गल्लीत ती आधीपासून चालत आली होती. कृती अशी: पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचे, बोळातून फिरून मागच्या दाराने आत यायचे आणि खिडक्यांचे पडदे ओढून घ्यायचे. बाहेरून पाहणाऱ्याला घर बंद. आमचे पुढचे कुलूप शेजारच्या गायकवाडताई लावत आणि किल्लीही त्यांच्याकडेच असे. ताई सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. ‘काही दुखणार नाही’ असे सांगत सुई टोचण्यात त्यांचे आयुष्य गेलेले, त्यामुळे त्यांच्या बोलण्यावर कोणीही विश्वास ठेवी. पाहुणे आले की त्या ओट्यावर येऊन म्हणत, "पुण्याला गेल्यात. रात्रीपर्यंत काही येत नाहीत." पाहुणे हळहळत आणि हॉटेलाकडे वळत. मी आत पाय पसरून वर्तमानपत्र वाचत असे.

तुम्ही म्हणाल, दार उघडून तोंडावर ‘आज जमणार नाही’ असे सांगायला काय झाले होते? तुम्ही एकदा सून होऊन पाहा, मग आपण बोलू. त्या कुलपाबद्दल मी कोणाचीही क्षमा मागणार नाही. आठवड्यातला एक दिवस माझा असावा, असे मला वाटत होते. आजही वाटते. एवढे मनात पक्के धरून पुढे वाचा, कारण माझा अपराध कुलपात नाही.

मग कशात आहे? — सांगते. घाई करू नका. मीच घाई करत नाही.

त्या रविवारी हे वडगावला एका लग्नाला गेले होते. मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला. घरात मी एकटी. ताईंनी सकाळीच कुलूप लावले होते. मी शेगडीवर भाताचे पातेले चढवले. इंद्रायणी तांदूळ कुकरमध्ये कोंडू नये, त्याचा गोळा होतो. उघड्या पातेल्यात मंद आचेवर शिजवावा, मग घरभर वास सुटतो. तो तांदूळ मावशीच्या शेतातला होता. दरवर्षी सुगी झाली की कोणा ना कोणाच्या हाती ती एक पिशवी पाठवीच.

आता मावशीविषयी सांगणे आले.

सोनामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. आंदर मावळात दिलेली. आमच्या वाडीत शाळा चौथीपर्यंत होती. पुढच्या शिक्षणासाठी वडिलांनी मला तिच्याकडे आणून सोडले, कारण तिच्या गावाहून हायस्कूलला पायी जाता येई. दहावी होईपर्यंत मी तिच्या घरी राहिले. तिची स्वतःची दोन मुले, दत्ता आणि सुमन, तेव्हा लहान होती. तरीही ती मला थोरली लेक म्हणे, आणि नुसते म्हणतच नसे. चुलीजवळची उबेची जागा माझी. दिवा माझा. तिच्या घराला कुलूप कधी नव्हतेच. कडी होती आणि कडीत अडकवायला एक लाकडी खुंटी. मी एकदा विचारले, तर हसून म्हणाली, "कुलूप कशाला गं? कुनी आलं तर भाकर खाऊन जाईल. भित्ताड थोडंच नेतंय."

मी तिला सही शिकवली. कोळशाने भिंतीवर. ती म्हणे, "मला काय कलेक्टर व्हायचंय?" पण रोज संध्याकाळी गिरवायला बसे. ‘सो’ सुरेख येई. ‘ना’चा काना मात्र ती इतका लांब ओढी की तो थेट जमिनीला टेकायचा. पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही करून आली तेव्हा तिने सगळ्या आळीला गूळ वाटला होता.

हे सांगितले नाही तर पुढचे तुम्हाला नुसते वाईट वाटेल. मला ते तेवढ्यावर सोडायचे नाही.

तर — फाटक वाजले. मी पडद्याआड बसले होते. मनात म्हटले, आले. मग एक आवाज ऐकू आला, आणि तो मुंबईकडचा नव्हता.

"ह्ये मास्तरीनबाईंचंच घर नव्हं?"

ताई ओट्यावर आल्या. "हो. पण त्या पुण्याला गेल्यात. रात्रीपर्यंत काही येत नाहीत."

"आत्ता गं बया."

"तुम्ही कोण म्हणायच्या?"

"मी तिची मावशी. आंदर मावळातून आले."

ताई जराशा थांबल्या. दरवर्षी त्या पिशवीतला तांदूळ मी त्यांच्याही घरी देत असे. नाव त्यांना माहीत होते. आणि मग त्या मोठ्याने म्हणाल्या, "अगंबाई, सोनामावशी का तुम्ही? सोनामावशी?"

नाव दोनदा घेतले आणि तोंड आमच्या खिडकीकडे केले. ती हाक मावशीसाठी नव्हती. माझ्यासाठी होती. आमचे ठरलेलेच होते: एखाद्या पाहुण्याला घरात घ्यावेसे वाटले तर मी आमच्या दोघींमधल्या भिंतीवर बोटाने टकटक करायची, मग ताई ‘थांबा हं, किल्ली असेल माझ्याकडे’ असे काहीतरी म्हणून दार उघडतील, आणि मी तोवर मागून बाहेर पडून पुण्याहून लवकर परतल्यासारखी फाटकातून येईन. सगळी तजवीज होती. भिंत माझ्या हाताजवळ होती.

मी टकटक केली नाही.

का? — या प्रश्नाला मी स्वतःशी इतकी वर्षे एकच उत्तर देत आले आहे: लाज वाटली. मावशीपुढे असले नाटक करायला लाज वाटली, आणि लाजेने हात उचलला गेला नाही. उत्तर ऐकायला बरे आहे. थोडे खरेही आहे. वर्गात अर्ध्या उत्तराला मी अर्धे गुण देत असे. पण दुसरा अर्धा झाकता यावा म्हणूनच पहिला अर्धा वळणदार अक्षरात लिहिलेला असेल, तर त्याला काय द्यायचे? तुम्हीच ठरवा. मी ठरवले आहे.

निरीक्षण सांगते. पडद्याच्या कडेला फट होती. मी त्या फटीतून पाहिले. मावशी पायरीवर बसली होती, आणि तिच्याशेजारी जुन्या लुगड्यात बांधलेले गाठोडे होते. गाठोड्यातून पितळी तांब्याचे तोंड वर आले होते. भेटायला आलेले माणूस स्वतःचा तांब्या घेऊन येत नाही.

आणि मावशी ताईंना सांगत होती. मी सगळे ऐकले, एकही शब्द निसटला नाही. "पोरानं घराला कुलूप घातलंय वो. जमीन इकायचीय त्याला, बंगलेवाल्यांना. म्हनतो, आदी सही कर, मंग चावी देतो. म्या म्हनलं, न्हाई करत जा. म्हनलं, माज्या थोरल्या लेकीकडं जाते. शिकलेली हाय ती. ती सांगंल त्याला दोन शब्द. तिचं ऐकतो त्यो."

आयुष्यभर ज्या घराला खुंटी पुरली, त्याला तिच्या मुलाने कुलूप लावले होते. तेथून निघून ती दुसऱ्या कुलपासमोर येऊन बसली होती. या दुसऱ्यामागे मी होते, आणि तिने काय मागितले तेही मला कळले होते. राहायला एक कोपरा आणि दत्ताला दोन शब्द. दोन्ही माझ्याकडे होते.

मग मी काय केले? विचार केला. होय, शांतपणे, पद्धतशीर विचार. खोल्या दोन. मुलीची परीक्षा जवळ. हे आल्यावर कपाळाला आठी घालणार. दत्ता दारात येऊन आरडाओरडा करणार, गल्ली ऐकणार. चार दिवस म्हणता म्हणता वर्ष जाईल. म्हातारे माणूस, आजारपण. आणि माझा रविवार — तो तर गेलाच. हे सारे मी पडद्याची कड बोटात धरून मनात मांडले आणि उत्तर काढले. लाज वगैरे नंतर आली. आधी ते गाठोडे दिसले, आणि ते दिसले म्हणून मी भिंतीकडे हात नेला नाही. मावशी रिकाम्या हाताने आली असती तर मी दार उघडले असते. चहा केला असता, जेवायला वाढले असते आणि संध्याकाळी स्टेशनवर पोचवायलाही गेले असते.

हे अनुमान. ‘घाबरले’, ‘गोंधळले’, ‘सुचले नाही’ हे शब्द मला येतात. ते मी येथे वापरणार नाही.

तेवढ्यात मागून वास आला. पातेल्यातले पाणी आटले होते. मी खिडकीशी होते आणि शेगडी स्वयंपाकघरात. जाऊन बंद करायला हवी होती, पण पावलांचा आवाज होईल म्हणून मी जागची हलले नाही. आधी नुसत्या भाताचा वास, मग करपल्याचा. पडदा तो अडवू शकत नव्हता.

मावशीने मान वर केली. "भात लागतोय कुनाचा तरी."

"माझाच असेल," ताई म्हणाल्या.

मावशीने ताईंच्या उघड्या दाराकडे पाहिले. मग आमच्या दाराकडे. मग खिडकीकडे — पडद्याकडे, फटीकडे. तिला मी दिसले का? मला ठाऊक नाही. नंतर ती सावकाश म्हणाली, "मंग जावा, बगा आदी. इंद्रायनी हाय. बसली की पार बुडाला धरती."

ताई म्हणाल्या, "मावशी, माझ्याकडे बसा. जेवून जा. राहा हवं तर रात्रीपर्यंत."

"नगं बाई. तुमाला कशाला तरास. उर्शाला सुमन हाय माजी, धाकली. तिकडं जाते."

ती उठली. गाठोडे काखेत घेतले. जाण्याआधी दाराशी आली. माझ्या आणि तिच्यामध्ये तेवढी एक फळी. तिने कुलूप तळहातावर घेतले, थोडा वेळ धरून ठेवले आणि सोडून दिले. ते दारावर आपटले. बाहेर तो आवाज फार मोठा नसतो. आत फार मोठा येतो.

ती गेल्यावर ताई मागच्या दाराने आल्या. किल्ली स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली. म्हणाल्या, "भिंत वाजेल म्हणून मी वाट पाहत होते."

"डोळा लागला होता माझा," मी म्हटले.

शेगडीवर पातेले अजून धुमसत होते. ताईंनी त्याकडे पाहिले, शेगडी बंद केली आणि निघून गेल्या. पुढच्या रविवारी मी किल्ली द्यायला गेले तर म्हणाल्या, "आता तुमचं तुम्ही लावत जा, बाई." आमचे बोलणे कधी तुटले नाही. त्यांनी कोणाला सांगितलेही नाही. तांदळाची पिशवी मात्र त्यानंतर आलीच नाही, त्यामुळे त्यांना द्यायचा प्रश्नच उरला नाही.

सुमनच्या घरी उर्शाला एकच खोली, त्यात सासू-सासरे. मावशी ओट्यावर निजे. सासू दोन दिवस गप्प राहिली, मग सुनेला टोमणे सुरू झाले: "तुज्या आईला सोन्यासारखं घर हाय म्हनं. सही करायची तर जाती का न्हाई आपल्या घरी?" लेकीचे हाल मावशीला बघवले नाहीत. दिवाळीच्या आत ती दत्ताबरोबर वडगावच्या सरकारी कचेरीत गेली आणि तिने जमीन लिहून दिली. सुमनने मला कौतुकाने सांगितले, "ताई, आईनं अंगठा न्हाई दिला. सही केली. तिथला सायेब म्हनला, वा, आजी शिकलेल्या दिसतात."

ती सही मी शिकवली होती. काना जमिनीला टेकला असेल.

त्या शेताच्या जागी आज बंगला आहे. फाटकाला मोठे कुलूप असते आणि आठवडाभर आत कोणी नसते. दत्ताने मावशीला घराची चावी दिली, पण वर्षभरात घरही विकले, आणि मावशी उर्शाच्या ओट्यावर परत आली.

नातलग मला काय म्हणत, ठाऊक आहे? "त्या दिवशी तुम्ही घरी असता तर हे झालं नसतं. तुमचं ऐकायचा दत्ता. नशीब म्हणायचं." आणि मी मान हलवत असे. हळहळत असे. ती सहानुभूती मी लग्नात घेतली, बारशात घेतली, कोणी पुढे केलेल्या पेढ्यासारखी घेतली.

आता तुम्ही मला सांगाल की मी दार उघडले असते तरी दत्ताने सही घेतलीच असती. असेल. पण ती त्याची गोष्ट झाली; त्याने ती सांगावी. माझी मला सांगू द्या, आणि कृपा करून ती हलकी करू नका. मला समजावणाऱ्यांचा मनापासून राग येतो.

मी उर्शाला जात असे. फळे, औषधे, एखादे पातळ घेऊन. दिवसभर टोलनाक्यावरच्या गाड्यांचे हॉर्न त्या ओट्यापर्यंत येत. मावशी माझा हात हातात घेऊन बसे. त्या रविवारबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. एकदाच काढला. सुमन पाणी भरायला गेली होती, ओट्यावर आम्ही दोघीच होतो. माझ्याकडे न बघता, शेंगा सोलता सोलता तिने विचारले, "त्या दिशी तुजा भात लागला आसंल न्हाई?"

त्या वेळी मला काय करता आले असते? सगळे. एक शब्द पुरला असता. तिने दार स्वतः उघडून धरले होते, आणि मला फक्त आत जायचे होते.

मी म्हटले, "कुठल्या दिवशी, मावशी?"

तिने हातातली शेंग सोलली. दाणे माझ्या ओंजळीत टाकले. म्हणाली, "कुटल्या न्हाई. आसंच आपलं."

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

आता पाहुणे येत नाहीत. त्यांनी आपापले बंगले घेतले, किंवा म्हातारे झाले. रविवारी मी दार लावते ते आतून, आणि कोणी कडी वाजवली तर उघडून तोंडावर सांगते: आज मला कोणाला भेटायचे नाही. लोक मला फटकळ म्हणतात. म्हणोत. गाठोडे घेऊन कोणी आले तर काय कराल, असे विचाराल. तर मी येथे वचन देणार नाही. दिले तर तुम्ही मला सोडून द्याल, आणि त्यासाठी मी हे लिहिलेले नाही. क्षमाही मागत नाही. जिच्याकडे मागायची तिने एकदा आपण होऊन विचारले होते, तेव्हा मी तिलाच प्रतिप्रश्न केला.

त्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला येते. तेव्हाही येत होते.

लागला होता, मावशी. पार बुडाला धरला होता. वरचा पांढरा भात मी काढून घेतला, आणि तू स्टेशनवर पोचली असशील त्या सुमारास — जेवले.